एकूण वजन मर्यादेत, तरी मागचा ॲक्सल ओव्हरलोड: एका कॅम्पर ट्रेलरचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एक जोडपे, त्यांची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आणि तिच्यामागे एका ॲक्सलचा, वर तंबू उघडणारा कॅम्पर ट्रेलर. ओळख पटू नये म्हणून गाडीची आणि ट्रेलरची कंपनी दिलेली नाही, आणि हिशेब सोपा जावा म्हणून मापे थोडी गोल केली आहेत.

गाडीच्या पाटीवर चार आकडे होते: भारासह एकूण वजन जास्तीत जास्त ३,००० किलो, पुढचा ॲक्सल १,४००, मागचा ॲक्सल १,७००, आणि गाडी-ट्रेलर मिळून ५,०००. ब्रेकवाला ट्रेलर २,५०० किलोपर्यंत ओढायची परवानगी होती आणि टो-बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, उभा भार २५० किलोपर्यंत चालत होता. दोन्ही ॲक्सलच्या मर्यादांची बेरीज ३,१०० येते, म्हणजे एकूण मर्यादेपेक्षा १०० जास्त. सामान थोडे पुढेमागे झाले तरी चालावे म्हणून ही सूट असते. दोन्ही ॲक्सल एकाच वेळी गच्च भरण्याची ती परवानगी नव्हे.

ट्रेलरची मर्यादा १,६०० किलो, त्यातले ॲक्सलवर जास्तीत जास्त १,४५०. पाटीवर रिकामे वजन १,०८० लिहिलेले, म्हणून ५२० किलो सामान बिनधास्त भरता येईल असा मालकांचा समज होता. पण पाटीवरचे वजन कारखान्यातून निघतानाचे. नंतर बसवलेली १०० अँपिअर-अवरची एजीएम बॅटरी, फ्रिजची सरकती ट्रॉली, ड्रॉबारवरची (ट्रेलरला गाडीशी जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावरची) पत्र्याची पेटी, जेरीकॅनचे स्टँड, दुसरा गॅस सिलिंडर या कशाचाच त्यात समावेश नव्हता. यातली एकेक वस्तू किरकोळ वाटते. शिवाय बसवायला सोपी जागा म्हणून जवळजवळ सगळे ड्रॉबारवर आणि ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला गेले होते.

अडचण

पहिली तक्रार साधी होती: ट्रेलर जोडला की गाडीची मागची बाजू बसायची. रात्री समोरून येणारे लोक डिपर मारायचे, कारण हेडलाइट वर उचलले जायचे. स्टिअरिंग हलके लागायचे आणि ओल्या रस्त्यावर वळणात गाडी सरळ जाऊ पाहायची.

मालकांनी आपल्या परीने पडताळणी केली होती. ट्रेलर साधारण दीड टनाचा, गाडी अडीच टन ओढू शकते, म्हणजे भरपूर वाव आहे. हे गणित चुकीचे नव्हते, पण ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर होते. गाडी किती ओढू शकते हे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि टो-बारवर ठरते. मागच्या ॲक्सलवर किती भार चालेल हे स्प्रिंग, ॲक्सल, बेअरिंग, रिम आणि टायरवर ठरते. पहिल्यात एक टन शिल्लक असताना दुसऱ्यात एक किलोही शिल्लक नसणे अगदी शक्य आहे.

वजन न करता केलेले दोन उपाय

वर्कशॉपमध्ये गाडी नेल्यावर उत्तर तयारच होते: "मागे बसतेय ना, एअर बॅग टाकून देऊ." मागच्या कॉइल स्प्रिंगमध्ये हवेच्या पिशव्या बसल्या, ३० पीएसआय हवा भरली आणि गाडी सरळ उभी राहिली. दिसायला प्रश्न सुटला. स्टिअरिंगचा हलकेपणा मात्र तसाच राहिला. मालकांनी त्याकडे लक्ष दिले नाही, कारण डोळ्यांना दिसणारी खूण, म्हणजे बसलेली मागची बाजू, आता नाहीशी झाली होती.

दुसरा उपाय त्यांचा स्वतःचा. ट्रेलरचे नाक जड आहे एवढे कळले होते, तेव्हा जड वस्तू मागे न्यायच्या असे ठरले. पुढच्या भिंतीवरची स्टेपनी मागच्या बंपरवर गेली. ड्रॉबारवरचे वीस-वीस लिटर पाण्याचे दोन जेरीकॅनही तिथेच गेले. पुढच्या पेटीतली हत्यारे मागच्या दाराच्या कप्प्यात गेली.

जाताना सगळे ठीक होते. परतीच्या वाटेवर, उतारावर, ताशी ९० किलोमीटरच्या आसपास, एक मोठा ट्रक ओव्हरटेक करून गेला आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झोले खाऊ लागला. पहिला झोला लहान, दुसरा मोठा, तिसरा त्याहून मोठा. चालकाने ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवले, ब्रेक जोरात दाबला नाही. ७०च्या खाली आल्यावर झोले आपोआप विरले. हे नशिबाने नव्हे, योग्य प्रतिक्रियेने निभावले. या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक होते. ट्रेलर गाडीला मागून ढकलतो तेव्हाच ते लागतात, चालकाला हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावता येत नाहीत. अशा वेळी गाडीचे ब्रेक करकचून दाबले असते, तर आधीच तिरका झालेला ट्रेलर गाडीच्या शेपटीला आणखी बाजूला ढकलत राहिला असता.

जाताना काहीच झाले नाही आणि येताना झाले, या तपशिलावरून पुढचा सगळा तपास उलगडला.

वजन कसे घेतले

ट्रकच्या सार्वजनिक वजनकाट्यावर गाडी-ट्रेलर नेले, प्रवासाला निघताना असतात तसेच: इंधन टाकी भरलेली, पाण्याची १०० लिटरची टाकी भरलेली, दोघे आपापल्या सीटवर, फ्रिजमध्ये सामान. रिकामा ट्रेलर तोलून आलेला आकडा वहीत लिहायला छान असतो, पण रस्त्यावर त्याचा उपयोग नाही.

आधी जोडलेल्या अवस्थेत तीन नोंदी झाल्या. फक्त पुढची चाके काट्यावर. मग फक्त गाडीची मागची चाके. मग फक्त ट्रेलरची चाके. त्यानंतर काट्याबाहेर ट्रेलर सोडवून गाडी एकटी, पुन्हा पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा. शेवटी ट्रेलर एकटा, जॉकी व्हीलसकट (सुट्या ट्रेलरचे नाक टेकवायच्या छोट्या चाकासकट) पूर्ण काट्यावर.

प्रत्येक ॲक्सल थेट तोलणे बरे. एकूणातून वजाबाकी करून आकडा काढता येतो, पण बऱ्याच काट्यांची पायरी १० किंवा २० किलोची असते. १०च्या पायरीत प्रत्येक वाचनात ५ किलो इकडेतिकडे असतात आणि दोन वाचनांच्या वजाबाकीत ती चूक १० पर्यंत जाते. दीड टनात १० किलो काहीच नाहीत. बॉलवरच्या शंभर किलोंत मात्र तो दहावा हिस्सा आहे. म्हणून बॉलवरचा भार काट्याच्या भरवशावर सोडला नाही, तो वेगळा मोजला.

त्यासाठी मजबूत लाकडी फळी, एक गोल पाइप आणि साधा बाथरूम काटा पुरला. फळीचे एक टोक पाइपवर, दुसरे काट्यावर, दोन टेकूंमधले अंतर ९०० मिलिमीटर. पाइपपासून ३०० मिलिमीटरवर एक लाकडी ठोकळा उभा केला आणि ट्रेलरचे कपलिंग, म्हणजे टो-बॉलवर बसणारे टोक, त्यावर टेकवले. काट्यावर एक तृतीयांश भार येतो, म्हणून वाचनाला ३ ने गुणायचे. फळी आणि ठोकळ्याचे स्वतःचे वजन आधी वाचून वजा करायचे. बाथरूम काटा साधारण दीडशे किलोला संपतो आणि कॅम्परचे नाक सहज त्यापुढे जाते, म्हणून ही तरफ हवी. ठोकळ्याची उंची मात्र अशी हवी की कपलिंग गाडीला जोडल्यावर असते त्याच उंचीवर राहील. नाक खाली झुकवून मोजले तर आकडा बदलतो. चाकांना गुटके लावायचे, पण हँडब्रेक सोडायचा. ब्रेक आवळलेला असेल तर चाक मोकळे फिरत नाही आणि कपलिंग पूर्ण वजनाने टेकत नाही.

काट्यावर आणखी एक प्रयोग झाला. एअर बॅगमध्ये ३० पीएसआय असताना मागचा ॲक्सल वाचला: १,६२०. हवा ५ पीएसआयपर्यंत उतरवली, गाडी मागून दोन बोटे बसली, पुन्हा वाचला: १,६२०. एअर बॅगने गाडीची उंची बदलली होती, ॲक्सलवरचा भार नव्हे. भार कुठे पडतो हे वस्तूंच्या जागेवरून ठरते, स्प्रिंगच्या ताकदीवरून नाही. हे शंभरदा सांगून पटत नाही ते काट्याच्या पडद्यावर दहा मिनिटांत पटले.

आकडे काय सांगत होते

गाडी एकटी: पुढे १,२३०, मागे १,४७०, एकूण २,७००. ट्रेलर जोडल्यावर: पुढे १,१९०, मागे १,६२०. ट्रेलरचा ॲक्सल १,४७०, ट्रेलर सुटा १,५८०. फळीवर बॉलचा भार १०८ किलो आला. काट्याच्या वजाबाकीतून ११० येतो, म्हणजे दोन्ही मोजण्या एकमेकींना धरून होत्या.

१०८ किलो म्हणजे ट्रेलरच्या वजनाच्या ६.८ टक्के. असा एका ॲक्सलचा कॅम्पर जड गाडीमागे चालतो तेव्हा १० ते १५ टक्के ही कामाची पट्टी धरतात. युरोपातले कॅराव्हॅन ५ ते ७ टक्क्यांवर चालवले जातात हे खरे, पण ते बांधणीने वेगळे असतात, त्यांचे जड सामान ॲक्सलच्या आसपास ठेवतात, बहुतेकांना स्टॅबिलायझर कपलिंग असते आणि वेगमर्यादाही कडक असतात. तिथला टक्का उचलून इथे लावता येत नाही.

पण हा आकडा भरलेल्या टाकीचा. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे होती, तिचा मध्य ॲक्सलपासून १ मीटरवर. ॲक्सल ते कपलिंग अंतर ३.२ मीटर. १०० किलो पाणी बॉलवर १०० × १ ÷ ३.२, म्हणजे ३१ किलो टाकते. परतताना टाकी रिकामी होती. बॉलवर उरले ७७, ट्रेलर १,४८०, हिस्सा ५.२ टक्के. जाताना आणि येताना ट्रेलर एकच होता, तोल वेगळा होता.

त्यात आणखी एक भर. स्टेपनी, जेरीकॅन आणि हत्यारे ट्रेलरच्या अगदी टोकाला गेल्याने नुसता तोल बदलला नाही, ट्रेलर एकदा फिरायला लागला की थांबायला जड झाला. टोकाला बांधलेले ३० किलो आणि ॲक्सलवर ठेवलेले ३० किलो काट्याला सारखेच दिसतात, झोल्याला नाही. प्रत्येक जोडीचा एक वेग असतो. त्याच्या खाली झोले आपसूक विरतात, त्याच्या वर वाढत जातात. नाक हलके करून आणि टोक जड करून तो वेग खाली, रोजच्या वापराच्या टप्प्यात आणला गेला होता.

मागे हलवलेले वजन नाहीसेही झाले नव्हते. ट्रेलरच्या ॲक्सलवर १,४७० किलो होते, मर्यादा १,४५०. गाडीचा भार उतरवताना ट्रेलरचा ॲक्सल मर्यादेबाहेर गेला. डावी-उजवी बाजू वेगळी तोलली, काट्याचा पृष्ठभाग बाजूच्या जमिनीशी सपाट होता म्हणून ते शक्य झाले: डावीकडे ७९०, उजवीकडे ६८०. स्वयंपाकाचा कट्टा, फ्रिज आणि बॅटरी तिन्ही डावीकडे होते. टायरचा लोड इंडेक्स १०२, म्हणजे पूर्ण हवेवर एका टायरला ८५० किलो. पण खडबडीत वाटेसाठी कमी केलेली हवा परत भरलीच नव्हती, डाव्या टायरात २६ पीएसआय होते. एवढ्या हवेवर तो टायर ७९० किलो पेलण्याच्या लायकीचा नव्हता.

आता मूळ मांडणी, म्हणजे सामान मागे नेण्याआधीची. तीही तपासायला हवी होती, नाहीतर सगळे परत पुढे न्या असा सोपा आणि चुकीचा निष्कर्ष निघाला असता. इथे टेप आणि गणित पुरले. स्टेपनी २८ किलो, एकूण ३.२ मीटर सरकली होती: बॉलवर २८ किलोंचा फरक. जेरीकॅन भरलेले ४३ किलो, ४.१ मीटर: ५५. हत्यारे ३५ किलो, ३.५ मीटर: ३८. एकूण १२१. मूळ बॉलभार १०८ + १२१ = २२९ किलो. २५०च्या मर्यादेत, १४.५ टक्के, झोल्याच्या दृष्टीने उत्तम.

पण बॉल मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे होता आणि गाडीचा व्हीलबेस, म्हणजे दोन ॲक्सलमधले अंतर, ३ मीटर. बॉलवर दाबलेला प्रत्येक किलो मागच्या ॲक्सलवर १.४ किलो होऊन उतरतो आणि पुढच्या ॲक्सलवरचे ०.४ किलो उचलून घेतो. २२९ किलोंनी मागे ३२१ घातले, पुढून ९२ काढले. मागचा ॲक्सल १,७९१, मर्यादेपेक्षा ९१ किलो जास्त. गाडीचे एकूण २,९२९, मर्यादेत. ट्रेलर १,५८०, मर्यादेत. दोन्ही मिळून ४,२८०, मर्यादेत. बॉल मर्यादेत. लोक जे आकडे तपासतात ते सगळे पास आणि एक ॲक्सल नापास. हलके स्टिअरिंग म्हणजे पुढून निघून गेलेले तेच ९२ किलो.

पर्याय

सगळ्यात मोहाचा पर्याय वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचा होता. त्याचे ताठ स्प्रिंग बार ड्रॉबार आणि गाडी यांच्यात पीळ देतात, मागच्या ॲक्सलवरचा काही भार पुढच्या ॲक्सलवर आणि काही ट्रेलरच्या ॲक्सलवर ढकलतात. मूळ मांडणीला कागदावर लावून पाहिले. पुढचे गेलेले ९२ किलो पूर्ण परत आणायचे तर ट्रेलरच्या ॲक्सलवर आणखी ६३ जातात आणि मागचा ॲक्सल १,६३६ वर येतो. ट्रेलरचा ॲक्सल १,४१४. कागदावर सगळे पास. पण या ट्रेलरच्या ओव्हररन कपलिंगला आत-बाहेर सरकायला मोकळीक लागते आणि तिच्या उत्पादकाने असे बार लावायला मनाई केली होती. शिवाय खाचखळग्यांच्या वाटेवर बार काढून ठेवावे लागतात, म्हणजे जिथे ॲक्सलला सर्वात जास्त मार बसतो तिथेच उपाय गैरहजर. पक्क्या रस्त्यावर चालणाऱ्या, इलेक्ट्रिक ब्रेकच्या ट्रेलरला हाच पर्याय पहिला ठरू शकला असता.

दुसरा पर्याय, जाड स्प्रिंग टाकून गाडीची नोंदणीकृत मर्यादा वाढवून घेणे. प्रमाणित किट आणि अधिकृत मंजुरी असेल तर हे खरे उत्तर आहे. नुसते स्प्रिंग बदलले तर नाही, मग ते एअर बॅगचेच भावंड. शिवाय त्याने मागचा ॲक्सल सुटला असता, पुढच्या चाकांवरून गेलेले वजन नव्हे.

तिसरा, मोठी गाडी घेणे. ९१ किलोंसाठी हा विचार फार वेळ टिकला नाही.

उरला चौथा: वजन कमी करणे आणि उरलेले योग्य जागी ठेवणे. कंटाळवाणा, पण एकाच वेळी तिन्ही ॲक्सलला लागू पडणारा हा एकटाच. लक्ष्ये आधी ठरवली: टाकी भरलेली असताना बॉलवर ११ टक्क्यांच्या आसपास, रिकामी असताना १० च्या फार खाली नाही, गाडीच्या मागच्या ॲक्सलवर निदान ४० किलो मोकळे, ट्रेलरच्या ॲक्सलवर १००. बॉलचा एकच आकडा धरून सामान लावले असते, तर टाकीने पुन्हा दगा दिला असता.

काय केले

जेरीकॅन बंपरवरून काढले. आता ते रिकामे प्रवास करतात, ड्रॉबारवर, दोन मिळून ३ किलो. मुक्कामाच्या अलीकडे जिथे पाणी मिळते तिथे भरायचे. ४० किलो पाणी शेकडो किलोमीटर वाहून न्यायचे कारण शोधले तेव्हा सवय सोडून दुसरे सापडले नाही.

स्टेपनी परत पुढच्या भिंतीवर गेली. हत्यारांतली १५ किलो दुहेरी निघाली, तीच पाना-सॉकेट गाडीतही होती. उरलेली २० किलो ॲक्सलच्या किंचित पुढे, जमिनीलगतच्या कप्प्यात. दुसरा गॅस सिलिंडर, भरलेला १८ किलो, घरी राहिला. तंबूला जोडायच्या बाजूच्या कापडी भिंती, २७ किलो, ॲक्सलच्या बरोबर वर ठेवलेल्या असायच्या. त्या काढल्याने बॉलचा तोल हलला नाही, ॲक्सल मात्र तेवढा हलका झाला.

बॅटरी डावीकडून उजवीकडे नेली. ३० किलो एका बाजूने कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त, म्हणजे फरक ६० किलोंनी मिटतो. यात घाई करू नये. वायर लांबली की व्होल्टेज पडतो, म्हणून जाड वायर घ्यावी लागली आणि फ्यूज नव्या जागी बॅटरीच्या टर्मिनललगत बसवावा लागला. फ्यूज जुन्या जागीच ठेवला असता तर मधली पूर्ण वायर संरक्षणाविना राहिली असती.

गाडीतही हात घातला, आणि हा भाग लोक विसरतात. ४० किलोंचे रिकव्हरी किट, म्हणजे विंचचे दोर, शॅकल, हाय-लिफ्ट जॅक, डिकीच्या अगदी टोकाला, मागच्या ॲक्सलच्या ७० सेंटिमीटर मागे होते. तिथे ते मागच्या ॲक्सलवर ४९ किलो टाकत होते. मागच्या सीटच्या पायाशी, ॲक्सलच्या १ मीटर पुढे, पट्ट्यांनी बांधल्यावर तेच २७ टाकते. एक किलोही न काढता मागचा ॲक्सल २२-२३ किलोंनी हलका आणि पुढचा तेवढाच जड झाला. मागच्या ॲक्सलवरचे आणखी ३० किलो सामान उतरवले.

हे सगळे करण्याआधी कागदावर बॉलभार १६९ निघाला. फळीवर १६७ आला.

| | मूळ मांडणी, गणिताने | सामान मागे नेल्यावर | फेरमांडणीनंतर |
|---|---|---|---|
| पुढचा ॲक्सल, मर्यादा १,४०० | १,१३८ | १,१९० | १,१९० |
| मागचा ॲक्सल, मर्यादा १,७०० | १,७९१ | १,६२० | १,६५० |
| ट्रेलरचा ॲक्सल, मर्यादा १,४५० | १,३५१ | १,४७० | १,३१० |
| ट्रेलर एकूण, मर्यादा १,६०० | १,५८० | १,५८० | १,४८० |
| बॉलवरचा भार, मर्यादा २५० | २२९ | १०८ | १६७ |
| हिस्सा, टाकी भरलेली | १४.५ टक्के | ६.८ टक्के | ११.३ टक्के |
| हिस्सा, टाकी रिकामी | १३.४ टक्के | ५.२ टक्के | ९.९ टक्के |

परिणाम

ट्रेलरचा डावा टायर ६८० आणि उजवा ६३० किलोंवर आला. हवा टायर कंपनीच्या भार-हवा तक्त्यावरून, जड बाजूचा आकडा धरून, टायर थंड असताना दोन्हीकडे सारखी भरली. एअर बॅग काढल्या नाहीत, पण त्यांतली हवा गाडी सरळ उभी राहण्यापुरतीच ठेवली. हेडलाइट पुन्हा लावून घेतले.

चाचणी रिकाम्या, सरळ रस्त्यावर ६० पासून दहा-दहाच्या टप्प्यांनी झाली, आधी भरल्या टाकीने, मग रिकाम्या टाकीने. प्रत्येक टप्प्यावर स्टिअरिंगला हलकासा झटका देऊन ट्रेलर किती झोल्यांत शांत होतो ते पाहिले. ८० ला रिकाम्या टाकीने दीड झोला, मग शांत. ९० च्या पुढे चाचणी नेली नाही आणि मालकांनी तीच आपली वरची मर्यादा ठरवली. बाजूने ट्रक गेला की अजूनही धक्का जाणवतो, तो जाणवणारच. फरक हा की तो वाढत नाही. ओल्या वळणात पुढची चाके ऐकू लागली. रात्रीचे डिपर थांबले.

वेगळे काय करता आले असते

काट्यावर जायची वेळ एअर बॅग बसवण्याच्या आधीची होती. मागची बाजू बसणे ही गाडीने स्वतःहून दिलेली खूण होती. ती पुसल्यावर ओव्हरलोड तसाच राहिला, फक्त दिसेनासा झाला. वर्कशॉपने काम नीट केले होते. त्यांना मागच्या ॲक्सलचे वजन विचारायचे सुचले नाही आणि मालकांना सांगायचे सुचले नाही.

सामान मागे नेण्याचा निर्णय दिशेने चूक नव्हता, मात्रेने होता. १२१ किलोंऐवजी चाळीस-पन्नासचा फरक पडेल इतपतच हलवायला हवे होते, तेही ॲक्सलच्या जवळ, बंपरवर नव्हे. आणि मागच्या ॲक्सलचा उरलेला भार गाडीच्या डिकीतून काढायला हवा होता. ट्रेलरचा प्रश्न म्हणून पाहिल्याने गाडीच्या डिकीकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

तपासातही एक उणीव राहिली. हवा, मांडणी आणि बाजूंचा तोल हे तिन्ही एकदम बदलले, त्यामुळे झोल्यात मऊ टायरचा वाटा किती आणि हलक्या नाकाचा किती, हे वेगळे सांगता येत नाही. आधी फक्त हवा भरून ६०-७० वर चाचणी घेता आली असती. सुरक्षेच्या दृष्टीने सगळे एकदम दुरुस्त करणे योग्यच होते, पण ज्याला कारण जाणून घ्यायचे आहे त्याने एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

दोन ॲक्सलच्या ट्रेलरवर हीच पद्धत लावताना एक खबरदारी घ्यावी. ज्याची दोन्ही ॲक्सल आपसात भार वाटून घेतात त्यावर नाकाच्या उंचीचा फारसा परिणाम होत नाही. ज्याची स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत तिथे नाक खाली गेले की पुढचा ॲक्सल जड होतो, वर गेले की मागचा. तिथे टो-बॉलची उंची आधी ठरवायची आणि मग काट्यावर दोन्ही ॲक्सल वेगवेगळे तोलायचे.

या ट्रेलरची टाकी ॲक्सलच्या वर आणता आली असती तर भरल्या-रिकाम्याचा ३१ किलोंचा फरक जवळपास मिटला असता. त्यासाठी चासीचे आडवे चॅनल कापावे लागले असते, म्हणून ते सोडून दिले. त्याऐवजी परतीला निघताना टाकीत वीस-तीस लिटर तरी पाणी ठेवायचे असा नियम झाला, आणि तो पाण्याच्या नळावर चिकटवलेल्या पट्टीवर बॉलभाराच्या दोन आकड्यांसह लिहिला आहे: भरलेली १६७, रिकामी १३६.